पाठीवर वीस ठिपके, सोमवार ते शुक्रवार

डॉक्टरांनी माझा चेहरा पाहायच्या आधी माझे कान पाहिले.

"मॅडम, केस जरा वर धरा," म्हणाल्या, आणि कानामागची घडी बोटाने उलगडून खिडकीच्या उजेडात बघितली. मग हनुवटी वर करायला लावून गळ्याचा वरचा भाग, मग डोळे मिटायला सांगून पापण्या. तिन्ही ठिकाणी कातडी काळपट, जाड, भेगाळलेली. "इथे ऊन पोचतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग ही उन्हाची ॲलर्जी कशी? कानामागे, हनुवटीखाली, मिटल्या पापणीवर ऊन बसत नाही. हवेतून उडत येणारं काहीतरी बसतं."

तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं मी छत्री आणि सनस्क्रीन वापरत होते.

मी पुरंदर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळेला दोन वर्गखोल्या, पुढे मैदान, आणि मैदानाच्या तीन बाजूंना गाजर गवत. पावसाळ्यात ते मुलांच्या खांद्याला लागतं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, आमच्या आजेसासूबाई चटक चांदणी म्हणायच्या. पांढरी बारीक फुलं आली की दुरून खरंच छान दिसतं. पुण्यात त्याची पहिली नोंद १९५५-५६च्या सुमारास झाली, म्हणजे या गवताचा हिंदुस्थानातला प्रवास आमच्याच जिल्ह्यातून सुरू झाला म्हणायचा. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सगळे सांगतात. मी त्यातच वाढले. लहानपणी आम्ही त्या फुलांची भातुकलीत भाजी करायचो.

पहिल्यांदा त्रास झाला तो भाद्रपदात. आधी पापण्या सुजल्या, मग मान, मग कोपराच्या आतल्या घड्या. खाज अशी की रात्री झोपेत ओरबाडून उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग. दिवाळीनंतर आपोआप कमी झालं, पुढच्या आषाढात परत सुरू. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरही गेलं नाही. गावातल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली, लावली की दोन दिवसांत गुण यायचा. तीच ट्यूब मी वर्षभर तोंडाला चोळली. तिच्यात स्टेरॉइड होतं हे मला माहीत नव्हतं. गालांची कातडी पातळ होऊन आत बारीक लाल शिरा दिसायला लागल्या तेव्हा घाबरले.

मग आली रक्ताची तपासणी. शहरातल्या एका खासगी लॅबने 'संपूर्ण ॲलर्जी तपासणी' म्हणून घरी येऊन रक्त नेलं. पैसे भरपूर घेतले. रिपोर्ट आला आठ पानी, रंगीत, हिरवे-पिवळे-लाल पट्टे असलेला. त्यात वांगं पिवळं, शेंगदाणा पिवळा, धुळीतले किडे लाल. आणि यादीत खाली, परागकणांच्या रकान्यात, पार्थेनियम. पार्थेनियम म्हणजेच गाजर गवत. त्याच्यापुढे हिरवा पट्टा. निगेटिव्ह.

त्या हिरव्या पट्ट्याने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या ट्यूबनेही केलं नसेल. मी आठ महिने वांगं खाल्लं नाही, शेंगदाण्याचं कूट घरातून हद्दपार केलं. संक्रांतीचे लाडूसुद्धा नुसत्या तिळाचे केले. आणि गाजर गवताची भीती मनातून पार काढून टाकली, कारण कागदावर लिहिलं होतं ना! ऑगस्टमध्ये, १६ ते २२ तारखेला, गाजर गवत जागृती सप्ताह असतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने तो देशभर पाळला जातो. आम्ही त्या आठवड्यात श्रमदान ठेवलं. मी पदर खोचून पुढे उभी राहिले आणि मुलांबरोबर दोन तास गवत उपटलं. उघड्या हातांनी. तिसऱ्या दिवशी माझे डोळे उघडत नव्हते.

यांनी मला मोटारसायकलवर बसवून सासवडला नेलं, तिथून एसटीने पुणे, सरकारी रुग्णालयाचा त्वचारोग विभाग. तिथे त्या कान बघणाऱ्या डॉक्टर भेटल्या. मी आठ पानी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला, बाजूला सारला नाही, याचं मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, "हा रिपोर्ट खोटा नाही. पण यात विचारलेला प्रश्न वेगळा आहे."

त्यांनी जे समजावलं ते मी वर्गात समजावते तसं इथे मांडते, कारण माझ्यासारख्या कितीतरी बायका अजून त्या हिरव्या पट्ट्यावर विश्वास ठेवून बसल्या असतील.

ॲलर्जी एकाच तऱ्हेची नसते. एक असते लगेच येणारी. कोळंबी खाल्ली आणि अर्ध्या तासात अंगावर गांधी उठल्या, किंवा परागकण नाकात गेले आणि शिंका सुरू. त्यात रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात. रक्ताच्या तपासणीत मोजतात ती हीच. दुसरी ॲलर्जी उशिरा येते, एक-दोन दिवसांनी. तिच्यात प्रतिपिंडांचा संबंध नाही. तिथे काम करतात पांढऱ्या पेशींतल्या टी-पेशी. गाजर गवताच्या पानांवर आणि फुलांवर बारीक लव असते, तिच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा कण इतका लहान की एकटा असताना शरीर त्याची दखलही घेत नाही. पण तो कातडीत शिरून तिथल्या प्रथिनाला चिकटतो, आणि मग ते प्रथिन शरीराला परकं वाटायला लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याला उचलून जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात, आणि तिथे टी-पेशींना त्याची ओळख करून दिली जाते. ती ओळख पटायला कधी काही आठवडे लागतात, कधी वीस-तीस वर्षं गवतात काढावी लागतात. पण एकदा पटली की त्या पेशी विसरत नाहीत.

"म्हणजे लहानपणी भातुकलीत त्याची भाजी केली तेव्हा काही झालं नाही, ते यामुळे?" मी विचारलं.

"तेव्हा ओळख पटली नव्हती," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्या पेशींना विचारायचं कसं? त्याचं उत्तर पॅच टेस्ट. संशयित वस्तू थोडी थोडी पाठीला लावायची आणि पेशी तिथे जमतात का ते बघायचं. १८९५ साली ब्रेस्लाऊ शहरात काम करणाऱ्या योझेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. सव्वाशे वर्षं उलटली तरी पद्धत मुळात तीच आहे.

पण लगेच करता आली नाही. अंग पेटलेलं असताना पाठीवर काहीही लावलं तरी लाल होतं, आणि माझ्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होत्या. गोळ्या पेशींना गप्प करतात, मग त्या उत्तर देत नाहीत. शिवाय पावसाळ्यात दमटपणा, घाम, पट्ट्या टिकत नाहीत. दिवाळीनंतर या म्हणाल्या. तोवर गोळ्या हळूहळू कमी करत आणायच्या, शेवटचे दोन आठवडे पूर्ण बंद, पाठीला कुठलंही मलम नाही. खाजेची गोळी मात्र घेतलीत तरी चालेल, असं सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं. पण आता विचार केला की पटतं. ती गोळी लगेच येणाऱ्या ॲलर्जीत खाज-गांधी आणणारं हिस्टामिन नावाचं द्रव्य अडवते, आणि या दुसऱ्या ॲलर्जीत पाठीवर जे उमटतं ते हिस्टामिनमुळे उमटत नाही.

ते दोन आठवडे फार वाईट गेले. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी मान खाजवायचे.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी पहाटेच्या गाडीने निघाले. सोमवार का, तर पट्ट्या सोमवारी लावतात, बुधवारी काढतात, शुक्रवारी शेवटचं वाचन करतात. गुरुवारी गेलात तर परत पाठवतात, कारण मग अठ्ठेचाळीस तास शनिवारी भरतात आणि दुसरं वाचन सोमवारवर जातं. हे आधी कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

आत एका लाकडी टेबलावर वीस लहान इंजेक्शनच्या सिरिंज ओळीने मांडलेल्या, सुई नसलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. निकेल, कोबाल्ट, सिमेंटमधलं क्रोमियम, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी, रबरातली द्रव्यं, अत्तरांचं मिश्रण, राळ, मलमांतली काही औषधं, आणि पार्थेनियम. एक सिरिंज नुसत्या व्हॅसलिनची, कारण बाकीची बहुतेक द्रव्यं व्हॅसलिनमध्येच कालवलेली असतात. व्हॅसलिनवरच कातडी लाल झाली तर बाकीच्या लालीला अर्थ राहत नाही. भारतातल्या रुग्णांसाठी ठरवलेला हा संच आहे. परदेशातल्या संचांत पार्थेनियम असेलच असं नाही, आपल्याकडे ते हवंच.

तरुण निवासी डॉक्टर मुलगी होती. चिकटपट्टीवर नखाएवढ्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांच्या दोन ओळी. प्रत्येक वाटीत तिने तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा ठिपका दाबला. "मावशी, ब्लाउजची मागची बटणं काढा, पाठ सैल सोडा." पट्टी खालून वर दाबत नेली म्हणजे आत हवा राहत नाही. प्रत्येक वाटीच्या कडेला मार्करने खूण केली, कारण पट्टी निघाल्यावर कुठला ठिपका कुठल्या द्रव्याचा ते कळायला हवं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. दुखलं काहीच नाही.

सूचना होत्या चारच. पाठ भिजवायची नाही. घाम येईल असं काम नाही. पाठ खाजवायची नाही. पट्टी सुटली तर स्वतः चिकटवायची नाही, येऊन सांगायचं.

मी हडपसरला भाचीकडे उतरले. दिवे घाट रोज दोनदा चढायचा-उतरायचा आणि एसटीच्या सीटला पाठ टेकवायची नाही, हे जमलं नसतं. तरी त्या दिवशी रुग्णालयातून हडपसरपर्यंत बसमध्ये मी पुढच्या सीटचा दांडा धरून, वाकून बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, कंबर धरलीय का?

भाची पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रात्री पोटावर झोपून मी तिच्याशी बोलत होते. मी म्हटलं, पेशींना विचारायचंच तर रक्तातल्या पेशींना का विचारत नाहीत, पाठ कशाला अडकवून ठेवायची? ती म्हणाली, "विचारतात की मावशी! आम्ही रोज विचारतो." आणि तिने टीबी गोल्डची गोष्ट सांगितली. त्या तपासणीत रक्त घेताना नळ्याच वेगळ्या असतात, आतून क्षयाच्या जंतूची प्रथिनं लावलेल्या. रक्त ३७ अंशांवर सोळा ते चोवीस तास ठेवायचं. ज्याच्या टी-पेशींची क्षयाच्या जंतूशी आधी गाठ पडली आहे त्या पेशी ती प्रथिनं ओळखतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडतात. ते मोजायचं. "त्यामुळे ते रक्त आम्हाला इतर रक्तासारखं निवांत ठेवून चालत नाही. साखर-कोलेस्टेरॉलला पेशी मेल्या तरी चालतं. यात पेशी जिवंत लागतात. त्याच उत्तर देणार असतात."

अमेरिकेत बेरिलियम धातूवर काम करणाऱ्या कामगारांसाठी अशीच रक्ताची चाचणी आहे, हेही तिने सांगितलं. बेरिलियमची धूळ फुप्फुसात जाऊन काहींना असाच टी-पेशींचा आजार होतो. त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी बेरिलियमच्या क्षाराबरोबर काही दिवस वाढवतात आणि त्या किती जोराने दुणावतात ते मोजतात. गाजर गवतासाठी रोजच्या वापरात मात्र पाठच. "आणि क्षयासाठीची आपली मॉण्टू टेस्ट आठव," ती म्हणाली, "हातावर टोचायचं आणि दोन-तीन दिवसांनी तिथली टणक सूज मोजायची. त्याच पेशी, त्याच वेगाने येतात." मॉण्टू आम्हा शिक्षकांना अपरिचित नाही, पण तिला इतके दिवस का लागतात याचा मी कधी विचार केला नव्हता. पेशींना चालत यावं लागतं, असं मी आता माझ्यापुरतं समजते.

मंगळवारी दुपारी उजव्या खांद्याजवळ एका जागी खाज सुटली. एकाच जागी. ठिपक्याएवढी. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

बुधवारी पट्टी काढली. अर्धा तास थांबवलं, कारण पट्टीच्या दाबाने आलेली लाली आधी उतरू द्यायची असते. मग डॉक्टरांनी बोट फिरवून बघितलं. नुसतं डोळ्यांनी बघत नाहीत, बोटाच्या टोकाने जाडी जाणवते का ते चाचपतात. भाचीच्या फोनवर मी माझी पाठ पहिल्यांदा पाहिली. निळ्या खुणांच्या दोन ओळी आणि त्यात तीन जागा लाल. एक पार्थेनियम, फुगीर. दुसरी निकेल, फिकट. तिसरी अत्तरांच्या मिश्रणाची, चकचकीत आणि सपाट.

"आज काही ठरवायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खरी ॲलर्जी चढत जाते, नुसती जळजळ उतरत जाते. शुक्रवारी या."

तसंच झालं. शुक्रवारी अत्तराची जागा पुसल्यासारखी गेली होती. निकेल स्पष्ट लाल, किंचित जाड. आणि पार्थेनियमच्या जागी वाटीच्या गोल आकाराच्याही बाहेर पसरलेला फुगीर डाग, त्यावर मोहरीहूनही बारीक, पाण्याने भरलेले फोड. माझ्याच पाठीवर तो आजार चार दिवसांत नव्याने उगवला होता, नखाएवढा, आणि कशामुळे ते आता कुणालाही दाखवता आलं असतं. कार्डावर पार्थेनियमपुढे दोन अधिक, निकेलपुढे एक अधिक, बाकी सगळीकडे उणे. हिरवा-पिवळा-लाल काही नाही. निळ्या पेनने लिहिलेलं कार्ड.

मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं आजार पक्का झाला म्हणून. तसं नव्हतं. इतके दिवस मी स्वतःच्या जेवणाला, साबणाला, उन्हाला, देवपूजेच्या कापरालासुद्धा दोष देत होते. आता दोष कुणाचा ते नक्की झालं होतं.

निकेलचं कारण घरी आल्यावर सापडलं. बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना. मनगटाच्या आतल्या बाजूचा डाग मी कधी मोजलाच नव्हता. पिना आता पर्समध्ये असतात.

गवताचं इतकं सोपं नाही. ते गावभर आहे. वाळलेल्या गवताच्या चुऱ्यातही पार्थेनिन असतंच, म्हणून हिवाळ्यातही माझा त्रास थांबत नव्हता. डॉक्टरांनी अझाथायोप्रिनच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. दर महिन्याला रक्तपेशी आणि यकृताची तपासणी करावी लागते, कारण त्या गोळ्या चांगल्या पेशींनाही दाबतात. शेवंतीपासून जपायला सांगितलं, ती गवताचीच चुलत बहीण, पेशींची तिथेही गफलत होऊ शकते. या वर्षी गौरींना मी शेवंतीची वेणी माळली नाही, जाऊबाईंनी माळली. कपडे बाहेर दोरीवर न वाळवता पडवीत वाळवते. वांगी परत सुरू केली आणि संक्रांतीला भरपूर कूट घालून लाडू केले.

शाळेचा सप्ताह या वर्षीही झाला, पण मुलांचा हात गवताला लागू दिला नाही. केंद्रप्रमुखांना मी कार्ड दाखवलं. ग्रामपंचायतीने फुलं यायच्या आधी, जुलैतच, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घातलेली माणसं लावून मैदान साफ केलं. मुलांनी त्या जागेत टाकळ्याचं बी फेकलं, टाकळा गाजर गवताला वाढू देत नाही म्हणून. मुलांना मेक्सिकन भुंगेही दाखवले, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेले. १९८४ साली हे भुंगे मुद्दाम भारतात आणले, ते हे गवत खातात. एका पोराने ते काडेपेटीत भरून शेतावर नेऊन सोडले.

गेल्या महिन्यात पालकसभेला तिसरीतल्या एका मुलीची आई आली होती. खुरपणीला जाते. सगळी सभा पदर नाकापर्यंत ओढून बसली. सगळे गेल्यावर मी तिला व्हरांड्यात उजेडात घेतलं आणि म्हटलं, "केस जरा वर धर गं." कानामागची घडी काळी पडली होती. हनुवटीखालीही.

"बाई, रक्त तपासायचं का?" तिने विचारलं. "पैसे जमवते."

"रक्त नाही," मी म्हटलं. "पुण्याला जायचं, सोमवारी. सोमवारीच. मी बरोबर येते. कुठल्या गोळ्या घेतेस त्याची पाकिटं आण, आणि तोंडाला लावतेस ती ट्यूबपण. आधी त्या डॉक्टरांना दाखवायच्या." तिने पदराच्या गाठीतून ट्यूब काढून माझ्या हातात दिली. तीच होती, वर्षभर मी लावत होते ती.